समास

मुंजाबाच्या बोळातून आत वळलं की तिसरं दार.
वडिलांचं ट्रेडल जिथे खडखडायचं,
तिथे आता वीतभर प्रिंटर
जिभेसारखा रोल बाहेर काढत बसतो.

टिळेकरबाई कोंढव्याहून आल्या,
पिशवीत कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं.
म्हणाल्या, मॉलवाले अडून बसलेत, रेघा हव्यात म्हणे.
द्या चार रेघा मारून.
आणि लाल द्या, मसाल्याला शोभतील.

मी विचारलं, कसल्या रेघा?
कालच लॅबचा पोरगा येऊन गेला,
रक्ताच्या नळ्या, जागा पेरभर,
अक्षरंही हवीत, आकडेही.
त्याला कोड एकशे अठ्ठावीस.
नळी गोल, म्हणून रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या लावल्या,
नाहीतर निम्म्या पाठीमागे वळतात
आणि रोग एकाचा, नाव दुसऱ्याचं.
भोसरीच्या कुलथ्यांना नखाएवढ्या नोझलवर कोरायचं होतं.
त्यांना रेघाच नाहीत, ठिपक्यांचा चौकोन.
एखादा कोपरा खरवडला
तर उरलेले ठिपके सांभाळून घेतात.
मार्केट यार्डातल्या खोक्यांवर जाड्या, दांडग्या,
आकडे जोडीनं:
एक काळ्यात,
दुसरा त्या काळ्यांच्या मधल्या पांढऱ्यात.

बाई म्हणाल्या, एवढं मला कशाला?
खरंय. तुम्हाला तेरा आकडी, काउंटरवरचा.
त्यांनी कंबरेच्या पाकिटातून नोंदणीचा कागद काढला.
बारा आकडे होते. तेरावा मी पाटीवर काढला:
एक आड एक आकड्याची तिप्पट,
बाकीचे जसेच्या तसे, सगळ्यांची बेरीज.
आली सत्त्याण्णव.
शंभराला कमी पडतात तीन, म्हणून शेवटी तीन.
कुणी एक आकडा चुकला
की हा तीन बोंब मारतो.

लाल छापून दिल्या. यंत्र फिरवलं.
गप्प.
पुन्हा फिरवलं. गप्प.
उजेडच लाल आहे हो, त्याला लाल रेघ
कागदासारखीच दिसते.
मग काळ्या. पीक, असं वाजलं.

यात माझं नाव कुठंय?
नाही.
भाव?
तोही नाही. नुसता नंबर.
नाव, भाव सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरच्या पोटात.
उद्या दहा रुपये वाढवलेत तरी रेघा ह्याच.

मग बोट ठेवलं त्यांनी कडेच्या कोऱ्या पट्टीवर.
ही जागा फुकट. इथे "घरगुती" लिहा.
आणि मला, देवाशपथ, वडील ऐकू आले,
कंपोझिंग स्टिक बोटांवर आपटत:
समास सोड. समास सोड, गाढवा.
वाचणारा आधी कोऱ्यावर पाय ठेवतो,
मग अक्षरावर.
यंत्रालाही तेच. दोन्हीकडे कोरं मिळालं नाही
तर रेघ कुठे सुरू होते ते त्याला उमगत नाही.
"घरगुती" मागच्या बाजूला गेलं.

निघताना त्यांनी रेघा मोजल्या, आकडे मोजले.
पहिल्या आठाची रेघ सापडेना.
म्हटलं, त्याला रेघ नसतेच.
पुढचे सहा कसे बसलेत, कोण कुठल्या धाटणीनं,
त्यावरून यंत्र ओळखतं की अलीकडे आठ आहे.
बाई जरा थांबल्या.
म्हणजे आमच्या मामंजींसारखं, म्हणाल्या.
ओटीवर असले की दिसायचे नाहीत,
पण आतली सगळी कशी बसलीत त्यावरून कळायचं.

पाचशे लेबलांचे पैसे दिले, सुट्टे मोजून घेतले.
वाया गेलेलं एक लाल लेबल
माझ्या चहाच्या थर्मासला चिकटवून गेल्या.
अजून आहे तिथे.
येता-जाता यंत्राचा उजेड त्याच्यावरून सरकतो,
काही वाचत नाही.
शोभतं मात्र.